केस पेपरला किल्ल्या किती?

कागलसारख्या तालुक्याच्या गावात ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर केस पेपर काढायला आलेला माणूस आतल्या कर्मचाऱ्याला बहुतेक वेळा कुठून ना कुठून ओळखत असतो. कुणी गल्लीतला, कुणी भावकीतला, कुणी मुलाच्या वर्गमित्राचा बाप. लहान गावाचा हा मोठा आधार आहे. रात्री-अपरात्री ओळखीने गाडी मिळते, रक्त मिळते, कोल्हापूरला सीपीआरमध्ये नेल्यावर सोबतीला कुणीतरी थांबते. पण हीच ओळख काही रुग्णांना भारी पडते. ज्याला क्षयाचे औषध सुरू झाले आहे, जी मुलगी गर्भपातासाठी आली आहे, ज्याची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, ज्याला मानसोपचाराच्या गोळ्या सुरू आहेत, त्या प्रत्येकाला अनोळखी माणसापेक्षा ओळखीच्या माणसाची भीती अधिक वाटते. मुंबईत हजार अनोळखी लोकांना कळून जे बिघडणार नाही, ते कागलात एका पाहुण्याला कळून बिघडते. ठरलेले लग्न मोडते, औद्योगिक वसाहतीतली कंत्राटी नोकरी जाते, घरात ताट वेगळे पडते.

कागदाच्या काळात या गुपिताची राखण कपाट करत असे. नोंदवही कपाटात, कपाटाची किल्ली सिस्टरकडे, आणि वही पाहायची तर त्या खोलीत जावे लागे. कुणी गेले तर चारजणांना दिसे. ही राखण ढिली होती, पण तिला अंतराची आणि कष्टाची जोड होती. संगणकाने ती जोड काढून घेतली. सरकारी रुग्णालयांत नोंदी संगणकावर येऊ लागल्या, ही चांगलीच गोष्ट आहे. जुने रिपोर्ट हरवत नाहीत, तीच तपासणी पुन्हा करावी लागत नाही, कागलहून सीपीआरला पाठवलेल्या रुग्णाची माहिती त्याच्या आधी पोहोचू शकते. पण एका पडद्यावरून हजारो नोंदी उघडता येतात, आणि उघडणारा कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून आता राखणीचे सगळे ओझे एका यादीवर आले आहे. कोणती नोंद कुणी वाचायची, कुणी बदलायची, कुणी पुसायची, हे सांगणारी ती यादी. संगणकाच्या भाषेत तिला ॲक्सेस कंट्रोल लिस्ट म्हणतात. मराठीत सरळ परवानगी यादी म्हणता येईल.

ही यादी महाराष्ट्राला अनोळखी नाही. सातबारा कुणालाही पाहता येतो. फेरफाराची नोंद मात्र तलाठ्यानेच घालायची आणि ती मंडल अधिकाऱ्याने प्रमाणित करायची. पाहणारा, लिहिणारा आणि शिक्का मारणारा, हे तिघे वेगळे. एकाच कागदावर तिघांचे तीन अधिकार, आणि चौथ्याला त्यातला एकही अधिकार वापरता येऊ नये याची काळजी. संगणकाची परवानगी यादी हेच काम करते. फरक इतकाच, की सातबारा सर्वांसाठी खुला असतो आणि केस पेपर मुळात बंद असायला हवा.

तो बंद नसतो, याचा दाखला महाराष्ट्रानेच दिलेला आहे. ग्रीनबोन नेटवर्क्स या जर्मन कंपनीने २०१९ मध्ये जगभरातले असे सर्व्हर तपासायला घेतले, ज्यांवर एक्स-रे, सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या प्रतिमा साठवलेल्या असतात. त्यातले शेकडो सर्व्हर इंटरनेटवर उघडे असल्याचे तिला आढळले. फेब्रुवारी २०२० मध्ये भारताविषयीचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा राज्यांच्या क्रमवारीत महाराष्ट्र पहिला होता. रुग्णांच्या तपासण्यांचे ३ लाख ८ हजारांहून अधिक संच, आणि त्यांतल्या प्रतिमा जवळपास ७ कोटी. प्रतिमांसोबत रुग्णाचे नाव, जन्मतारीख, तपासणीची तारीख, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे नाव अशी माहिती जोडलेली असते. हे सारे पाहण्यासाठी कुणाला कुलूप तोडावे लागले नव्हते. चोरी झाली असे म्हणायलाही जागा नव्हती, कारण दाराला कुलूपच नव्हते.

असे का घडले, हे समजून घेण्यासारखे आहे. वैद्यकीय प्रतिमांची देवाणघेवाण डायकॉम नावाच्या मानकानुसार होते. ते घडले तेव्हा रुग्णालयातली यंत्रे रुग्णालयाच्या चार भिंतींतच एकमेकांशी बोलत असत. बोलताना समोरचे यंत्र स्वतःचे नाव सांगते. ते नाव आपल्या यादीत आहे का, आणि नाव सांगणारा खरोखर तोच आहे का, हे तपासायचे की नाही, ते बसवणाऱ्याच्या हाती राहते. पुढे घरून रिपोर्ट पाहता यावेत म्हणून सर्व्हर इंटरनेटला जोडले गेले, आणि यादीची आठवण कुणालाच राहिली नाही. दार रस्त्याकडे उघडले, पण राखणदार आतल्या खोलीच्या हिशेबानेच नेमलेला होता.

इथे संगणकशास्त्रातली एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण ती रुग्णालयाच्या प्रत्येक अधीक्षकाला माहीत असावी अशी आहे. विंडोज प्रणालीत एखाद्या फाईलची परवानगी यादी रिकामी असेल, म्हणजे यादी आहे पण तिच्यात एकही नाव नाही, तर ती फाईल कुणालाच उघडत नाही. पण त्या फाईलला यादी जोडलेलीच नसेल, तर ती सर्वांना उघडते, पूर्ण अधिकारांसह. रिकामी यादी आणि नसलेली यादी यांत वरवर काहीच फरक दिसत नाही. दोन्हीकडे नावे शून्य. परिणाम मात्र दोन टोकांचे. एकीकडे पूर्ण बंद, दुसरीकडे चव्हाटा. महाराष्ट्रातल्या त्या ७ कोटी प्रतिमांची अवस्था व्यवहारात दुसऱ्या प्रकारची होती.

परवानगी याद्यांचा इतिहास अर्ध्या शतकाहून जुना आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून मल्टिक्स नावाची प्रणाली हाती घेतली. एकच संगणक अनेकजण वापरणार, मग कुणाची फाईल कुणी उघडायची, हा प्रश्न तिथे उभा राहिला आणि प्रत्येक फाईलला नावांची यादी जोडण्याचे उत्तर निघाले. त्यानंतर आलेल्या युनिक्सने हे सोपे केले. फाईलचा मालक, त्याचा गट आणि बाकीचे जग असे तीनच वर्ग, आणि प्रत्येकाला वाचणे, लिहिणे, चालवणे असे तीन अधिकार. साध्या कामाला हे पुरते. पण ‘सिस्टरांनी वाचावे, या एका प्रयोगशाळा तंत्रज्ञाने लिहावे, पण त्याच गटातल्या दुसऱ्याने पाहूही नये’ असे सांगायचे झाले की तीन वर्ग अपुरे पडतात. म्हणून पुन्हा सविस्तर याद्या आल्या. मल्टिक्सवर काम केलेले जेरोम सॉल्ट्झर यांनी मायकेल श्रोडर यांच्यासोबत १९७५ मध्ये जी तत्त्वे मांडली, ती आजही जशीच्या तशी लागू आहेत. ज्याला जेवढे काम, तेवढाच अधिकार. शंका असेल तर दार बंद. आणि दर वेळी दार उघडताना तपासणी, एकदा ओळख पटली म्हणून कायमची मोकळीक नाही.

यादी केली म्हणजे काम संपले असे नाही. ती तपासावी लागते. आणि या तपासण्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. त्यांची गल्लत झाली की सुरक्षिततेचा केवळ भास उरतो.

पहिला अर्थ आकाराचा. युनिक्सच्या घराण्यातल्या प्रणालींसाठी १९९० च्या दशकात जो मसुदा तयार झाला, त्यात यादी वैध आहे का हे पाहण्याचे नेमके नियम दिले होते. मसुदा पुढे मागे घेतला गेला, पण त्यातले नियम लिनक्समध्ये टिकले. मालकाची नोंद एक आणि एकच हवी. गटाची एक, बाकीच्यांची एक. एकाच व्यक्तीचे नाव दोनदा येता कामा नये. नावानिशी कुणाला अधिकार दिला असेल, तर त्या अधिकारांची कमाल मर्यादा सांगणारी एक नोंदही हवीच. हे सारे संगणक क्षणात तपासतो आणि यादी वैध की अवैध ते सांगतो. अर्ज नीट भरला आहे का, सही आहे का, तिकीट लावले आहे का, हे बघणाऱ्या कारकुनासारखे हे काम आहे. आवश्यक, पण तेवढेच.

दुसरा अर्थ खरेपणाचा. यादीतला माणूस अजून नोकरीवर आहे का? असेल तर त्याच विभागात आहे का? त्याला ही नोंद पाहण्याचे आज काही कारण आहे का? हे संगणकाला कळत नाही. वर सांगितलेली तपासणी यादीत मृत माणसाचे नाव असले तरी ती वैधच ठरवील. सातबाऱ्यावर वारस नोंद न झालेला आजोबा वर्षानुवर्षे मालक म्हणून राहतो, कागद बिनचूक असतो आणि तरीही खोटा असतो, तसेच हे. आकार बरोबर असणे आणि आशय बरोबर असणे यांतले हे अंतर माणसांनीच भरून काढायचे असते. आणि तिथेच बहुतेक व्यवस्था थकतात.

पोर्तुगालमधले उदाहरण बोलके आहे. तिथल्या बारेरो मोंतिजो या सरकारी रुग्णालयाला २०१८ मध्ये देशाच्या माहिती संरक्षण आयोगाने ४ लाख युरोंचा दंड ठोठावला. रुग्णालयात डॉक्टर होते २९६. संगणकावर डॉक्टर म्हणून नोंदलेली खाती होती ९८५. गेलेल्यांची खाती कुणी बंद केली नव्हती. डॉक्टर नसलेल्या काही कर्मचाऱ्यांनाही डॉक्टरांच्या नोंदी उघडता येत होत्या. यादी आकाराने वैध होती, संगणकाची तिच्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. पण प्रत्येक खऱ्या डॉक्टरामागे दोनाहून अधिक भुते त्या रुग्णालयात वावरत होती. हजेरीपट आणि लॉगिनची यादी एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवली असती, तरी हे एका दुपारी लक्षात आले असते.

आपल्याकडे हा धोका कमी नाही, उलट अधिक आहे. सरकारी रुग्णालयांत डेटा एंट्री करणारे, प्रयोगशाळेतले, समुपदेशन करणारे अनेक कर्मचारी कंत्राटी असतात. कंत्राट संपते, संस्था बदलते, माणूस दुसरीकडे जातो. वैद्यकीय महाविद्यालयांत आंतरवासिता करणारे विद्यार्थी वर्षभर एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरतात आणि मग जातात. बदल्या तर दरवर्षीच्याच. माणसे हलतात त्या वेगाने यादी हलत नाही. आणि संगणकाच्या पोटात याहूनही सूक्ष्म अडचण आहे. युनिक्ससारख्या प्रणालीत फाईलवर माणसाचे नाव लिहिलेले नसते, त्याचा क्रमांक असतो. माणूस गेला, खाते काढून टाकले, पण जुन्या फाईलवर तो क्रमांक राहिला. उद्या नव्या माणसाला तोच क्रमांक मिळाला, तर जुन्याच्या सगळ्या परवानग्या त्याला कुणी न देता वारशाने मिळतात. न मागता, न कळता. चूक कुणाचीच दिसत नाही आणि दार उघडे असते.

याच्या जोडीला रुग्णालयातली रोजची सवय. वॉर्डात संगणक एक, काम करणारे सहा, ओपीडीसमोर रांग. प्रत्येकाने स्वतःच्या नावाने आत जायचे, बाहेर यायचे, तर रांग पुढे सरकत नाही. मग सकाळी कुणीतरी लॉगिन करते आणि दिवसभर सगळे त्याच नावाने काम करतात. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो. याला बेफिकिरी म्हणून हिणवणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. अपुऱ्या मनुष्यबळात शंभर रुग्ण तपासून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने शोधलेली ही पळवाट आहे. तिचा परिणाम मात्र गंभीर आहे. सहाजण एका नावाने काम करत असतील, तर यादी कितीही काटेकोर असली तरी ती फक्त त्या एका नावाची तपासणी करते. उद्या माहिती बाहेर गेली, तर ज्याच्या नावाने लॉगिन झाले तो निष्पाप माणूस अडकतो आणि खरा उघडणारा सापडत नाही.

‘कुणी उघडले’ या नोंदीचे मोल काय, हे फिनलंडमधल्या एका परिचारिकेच्या खटल्याने जगाला दाखवून दिले. ती सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात काम करत होती आणि एचआयव्हीबाधित होती. उपचारही त्याच रुग्णालयात चालू होते. १९९२ च्या सुमारास तिला जाणवू लागले, की सहकाऱ्यांना तिच्या आजाराची माहिती झाली आहे. त्या काळी तिथले कर्मचारी रुग्णांच्या नोंदी मोकळेपणाने पाहू शकत. तिने विचारले, माझी नोंद कुणी पाहिली? रुग्णालयाला सांगता येईना. प्रणाली शेवटच्या पाचच वेळांची नोंद ठेवत होती, तीही व्यक्तीची नव्हे, विभागाची. देशातल्या न्यायालयांत ती हरली, कारण कुणी पाहिले हे तिला सिद्ध करता आले नाही. अखेर युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १७ जुलै २००८ रोजी तिच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने गोपनीयता जाहीर करून भागत नाही, ती प्रत्यक्षात राखली जाईल अशी व्यवस्था करणे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि कुणी पाहिले हे कळत नसेल तर राखण झालीच नाही, असा त्या निकालाचा आशय होता. पुरावा देण्याचे ओझे रुग्णावर टाकता येणार नाही, ही त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

कुतूहल हा माणसाचा स्वभाव आहे, आणि तो देशागणिक बदलत नाही. नेदरलँड्समध्ये हेग शहरातल्या एका रुग्णालयात एक प्रसिद्ध व्यक्ती दाखल झाली, तेव्हा तिच्या उपचारांशी संबंध नसलेल्या डझनावारी कर्मचाऱ्यांनी तिची फाईल उघडून पाहिली. २०१९ मध्ये त्या रुग्णालयाला दंड झाला. तालुक्याच्या गावात प्रत्येकच रुग्ण कुणा ना कुणासाठी ‘प्रसिद्ध’ असतो. होणारी सून, भाऊबंदकीतला दावेदार, निवडणुकीतला प्रतिस्पर्धी, कामावर ठेवायचा चालक. त्यांच्या फाईलबद्दल कुणाला ना कुणाला उत्सुकता असते. म्हणून लहान गावाला याद्यांची गरज शहराहून कमी नाही, जास्त आहे.

आता दुसरी बाजूही पाहायला हवी. यादी फार आवळली तर तीही जीव घेऊ शकते. राष्ट्रीय महामार्गावर कागलजवळ अपघात झाला, जखमी बेशुद्ध आहे, रात्रीचे दोन वाजले आहेत. त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, तो रक्त पातळ करणारी गोळी घेतो का, हे ड्युटीवरच्या डॉक्टरला त्याच क्षणी कळायला हवे. ‘तुम्हाला ही नोंद पाहण्याची परवानगी नाही’ असे पडद्यावर आले तर ती गोपनीयता काय कामाची? यासाठी जगभरातल्या रुग्णालयांनी आगीच्या घंटेवरची काच फोडण्यासारखी सोय केली आहे. आणीबाणीत डॉक्टर काच फोडू शकतो, म्हणजे कारण लिहून बंद नोंद उघडू शकतो. नोंद तत्काळ उघडते, पण उघडल्याची खूण राहते आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठ ती तपासतात. खरी आणीबाणी होती तर प्रश्न मिटला. नव्हती तर उत्तर द्यावे लागते. विश्वास आधी, हिशेब नंतर. वैद्यकीय व्यवसायाच्या स्वभावाला ही पद्धत जुळते.

एका दारावर यादी लावून भागत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली आणि देशातल्या या मोठ्या रुग्णालयाला कित्येक दिवस कागद-पेन घेऊन काम करावे लागले. नेटवर्कचे विभाग नीट वेगळे केलेले नव्हते, हे कारण सरकारने संसदेत सांगितले. वाड्याच्या दिंडी दरवाजावर पहारा आणि आतल्या खोल्यांना दारेच नाहीत, अशी ती स्थिती. एकदा कुणी आत आला की सगळीकडे हिंडायला मोकळा. परवानगी यादी खोलीखोलीला हवी, ती यासाठी.

कायद्यांची आपल्याकडे वाण नाही. एचआयव्ही आणि एड्सविषयीचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. बाधित व्यक्तीची माहिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास त्यात मनाई आहे आणि नोंदी सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी ती ठेवणाऱ्या संस्थेवर आहे. मानसिक आरोग्य कायदा रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार महिलेचे नाव आणि तपशील उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षिततेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहितीपर्यंत कोण पोहोचतो यावर नियंत्रण आणि पोहोचल्याच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे, हे त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे काय करायचे ते ठरलेले आहे. ते कोणत्या टेबलावर, कुणी आणि कोणत्या तारखेला करायचे, एवढेच ठरायचे बाकी आहे.

ते ठरवायला मोठा खर्च लागत नाही. सरकारी नोकरी सोडताना किंवा बदलीवर जाताना ना-देय दाखला घ्यावा लागतो. ग्रंथालयाची पुस्तके परत केली का, भांडाराचे सामान दिले का, निवासस्थान सोडले का, हे सारे त्यात पाहतात. त्याच कागदावर ‘लॉगिन बंद केले’ अशी एक ओळ वाढवावी. त्याशिवाय कार्यमुक्तीचा आदेश निघू नये. कंत्राटी कर्मचाऱ्यांसाठी कंत्राटाची शेवटची तारीख हीच लॉगिनचीही शेवटची तारीख असावी, म्हणजे कुणी विसरले तरी दार आपोआप बंद होईल. एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कुणाला देऊ नये.

दर तीन महिन्यांनी लॉगिनची यादी छापून हजेरीपटाशी आणि वेतनपत्रकाशी ताडून पाहावी आणि वैद्यकीय अधीक्षकांनी त्यावर सही करावी. सही म्हणजे यादी पाहिल्याची नव्हे, यादीतला प्रत्येकजण आज इथे आहे आणि त्याला या अधिकाराची गरज आहे, याची. एचआयव्ही, मानसोपचार, गर्भपात आणि लैंगिक अत्याचाराच्या तपासणीच्या नोंदींसाठी वेगळी, छोटी यादी असावी. ग्रामीण रुग्णालयांना रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीत औषधांच्या साठ्यासारखाच या तपासणीचा अहवालही ठेवला जावा. नावे नकोत. किती खाती होती, किती बंद केली, आणीबाणीत किती नोंदी उघडल्या आणि त्यांतल्या किती योग्य ठरल्या, इतके आकडे पुरेत.

प्रणाली बनवणाऱ्यांकडूनही काही मागण्या रास्त आहेत. पंधरा सेकंदांत माणूस बदलता येईल असे लॉगिन द्या. मग एका नावाने सहाजणांना काम करावे लागणार नाही. यादीच नसेल तर फाईल बंद, हा नियम मुळातच घाला. उघडी ठेवायची तर कुणीतरी जाणीवपूर्वक तसे लिहावे लागू द्या. आणि यादी वैध असल्याचा हिरवा शेरा दाखवताना तिच्यातली किती नावे सहा महिन्यांत एकदाही आत आलेली नाहीत, हेही शेजारी दाखवा. अशी निजलेली खाती प्रणालीला सहज मोजता येतात. ती का राहिली, हे मात्र रुग्णालयाने शोधायचे.

रुग्णालाही एक हक्क मिळायला हवा. माझी नोंद गेल्या वर्षभरात कुणी उघडली, हे विचारण्याचा आणि उत्तर मिळण्याचा. स्वतःचे वैद्यकीय कागद मागितल्यापासून ७२ तासांत मिळावेत, हा नियम वैद्यकीय आचारसंहितेत २००२ पासून आहे. त्याच्याच पुढचे हे पाऊल आहे. रुग्ण विचारू शकतो एवढे कळले, तरी विनाकारण उघडणारे निम्मे हात थबकतील.

व्हॉट्सॲपचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. रुग्णाच्या नावासह एक्स-रेचा फोटो ग्रुपवर टाकून सल्ला विचारण्याची पद्धत आता सर्वत्र रुळली आहे. त्यातून जीवही वाचतात, हे मान्य. पण त्या फोटोला कुठलीच यादी नसते. तो कुणाच्या फोनवर किती वर्षे राहील, कुणाकडे पुढे जाईल, हे पाठवणाऱ्याच्या हातात उरत नाही. निदान नाव, नोंदणी क्रमांक आणि चेहरा झाकून पाठवणे, एवढे तर आजपासून सुरू करता येईल. त्यासाठी कुठल्या आदेशाची गरज नाही.

सरकारी रुग्णालयात येणाऱ्या माणसाला निवड नसते. खासगीत जायला पैसे नाहीत म्हणून तो इथे येतो, आणि आपल्या आयुष्यातली सर्वांत नाजूक गोष्ट एका अनोळखी पडद्यावर ठेवून जातो. गुपित फुटेल अशी शंका आली तर तो भांडत नाही, तक्रार करत नाही. तो यायचा थांबतो. क्षयाचा कोर्स अर्धा सुटतो आणि घरातल्या लहान मुलाला क्षय होतो. एचआयव्हीची चाचणी होत नाही आणि गर्भातल्या बाळाला टाळता आला असता असा संसर्ग होतो. परवानगी यादीतल्या एका जुन्या नावाची किंमत अखेर अशी, वॉर्डात मोजली जाते. म्हणून ही यादी संगणक विभागावर सोडून चालणार नाही. औषधाच्या मुदतीची तारीख जशी तपासतात, तशी ती ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसाने तपासायला हवी. पुढच्या महिन्यात कागलमधल्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयाने एकच साधा प्रश्न स्वतःला विचारावा: आपल्याकडे माणसे किती, आणि किल्ल्या किती? दोन्ही आकडे जुळेपर्यंत हे काम बाकी आहे असेच समजावे.